रज्जाकमामूंची सातवी कॅसेट

ग्रामपंचायतीत पॅनल फुटलं की आष्टीतले लोक चौकात धावतात. आमचे रज्जाकमामू सातव्या कॅसेटवरची धूळ पुसायला घेतात.

मामूंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान माझ्या घराला लागून आहे. हल्ली टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही. बिघडला की भिंतीवरून उतरवतात आणि नवा टांगतात. त्यामुळे मामू आता मिक्सर आणि पंखे बघतात. पण दुकानाच्या कोपऱ्यात धान्याच्या कोठीएवढा जुना टीव्ही, खाली व्हीसीआर आणि शेजारी बारा कॅसेटी अजून आहेत. फार वर्षांपूर्वी हिंदी आवाजात लागणारी एक परदेशी मालिका मामूंनी त्यांत भरून घेतली होती. आभाळात फिरणारं एक जहाज, त्याचा कप्तान आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले ग्रह. मामूंच्या मते जगात आजवर जे घडलं आणि पुढं जे घडणार, ते सगळं या बारा कॅसेटींत आहे.

"सर, सातवी बघा," ते मला म्हणतात. "दोन चंद्र बर्फासाठी भांडून राह्यले. मधल्या बारक्या ग्रहाचा राजा दोघांकडून नजराणे घेतो, अन् ऐन वक्ताला तिसऱ्याकडंच जाऊन बसतो. वळखला का? आपला उपसरपंच! कॅसेटीतल्याला फक्त शेपूट हाय."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. पंचवीस वर्षं खडू झिजवून मला जे सांगता आलं नाही, ते मामू पंख्याला तेल देता देता सांगतात. माझे विद्यार्थी सुट्टीत त्यांच्याकडं जातात, ही गोष्ट मी हेडमास्तरांपासून लपवून ठेवली आहे.

एकदा मी शहाणपणानं विचारलं, "मामू, त्या परदेशी लोकांना चांगल्या कौटुंबिक मालिका सोडून हे हिरव्या तोंडाचे लोक कशाला लागले?"

मामूंनी चष्मा कपाळावर चढवला. "सर, त्यांच्या मुलखात तवा लढाई चालू होती. पोरं जाऊन राह्यली होती, पेट्यांत परत येत होती. सरकारला सरळ बोलायची चोरी. मंग तोंडाला हिरवा रंग फासला अन् म्हणले, हे आमचं न्हाई बा, हे दूरच्या ग्रहावरलं! जे घरात बोलता येत न्हाई, ते आभाळात जाऊन बोलायचं."

त्या दिवशी मी वर्गात हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. मुलं म्हणाली, "सर, हे मामूंचं आहे."

बाराव्या कॅसेटचा विषय मात्र मला नाजूक आहे. तिच्यात शेवटची लढाई आहे. शत्रूची जहाजं चारी बाजूंनी येतात, कप्तान म्हणतो, "साथियो..." आणि पडद्यावर एकदम मुंडावळ्या बांधलेला मी येतो, तोंडात अख्खी जिलबी. माझ्या लग्नात शूटिंगवाल्याची कॅसेट संपली होती. मामू दुकानात पळत गेले आणि हाताला लागली ती घेऊन आले. वरात आली तेव्हा कळलं, शेवट पुसला गेला. आमच्याकडं व्हीसीआर नसल्यानं कॅसेट त्यांच्याकडंच राहिली. लढाई अर्धवट राहून माझं लग्न लागलं, हे मी बायकोला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "अर्धवट कुठं राहिली?"

शेवट काय होता ते आष्टीत कुणालाच ठाऊक नाही. मामूंचा मुलगा आसिफ लहानपणी जिलबी दिसली की हमखास विचारायचा, "अब्बा, आगे?" मामू सांगायचे, जहाज परत आलं. तेवढ्यावर पोरगं झोपायचं.

हाच आसिफ आता फौजेत आहे. मध्यंतरी सीमेवर वातावरण तापलं आणि त्याचा फोन लागेनासा झाला. चौकात चहा पिता पिता लोक लढाया जिंकत होते. एकानं हाक मारली, "मामू, ही कितव्या कॅसेटीत?"

मामू म्हणाले, "हा मिक्सर कुणाचा हाय?"

पाच दिवस असेच गेले. सहाव्या दुपारी माझ्यातला मूर्ख जागा झाला. मामूंना बरं वाटावं म्हणून मी मोबाइलवर त्या मालिकेचा शेवटचा भाग शोधून काढला आणि विजयी मुद्रेनं दुकानात गेलो. "मामू, शेवट सापडला!"

जहाजं चालून आली. कप्तान "साथियो" म्हणाला. मामूंनी पुढं होऊन पडद्यावर तळहात ठेवला.

"बंद करा, सर. आमच्याकडं जहाज परत आल्तं."

मी मोबाइल खिशात टाकला. मामूंनीच बारावी कॅसेट लावली. पुन्हा जहाजं आली, जिलबी आली, मी सवयीनं लाजलो. पण मामू माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांनी कॅसेट थांबवली आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं, माझ्या मामाच्या धोतराला धरून, तीनेक वर्षांचा आसिफ उभा होता. हातात लाडू, तोंडभर बुंदी.

इतकी वर्षं मी त्या कॅसेटमध्ये स्वतःलाच बघत होतो.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दोनदा बोट घसरल्यावर मामूंनी तो उचलला.

"हौ, बोल... खाना खाया?... यहाँ सब बराबर है... तेरी अम्मी अच्छी है." मामूंनी माझ्याकडं पाठ केली आणि विचारलं, "बेटा, जहाज कब लौटरा?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मी मिक्सरचं झाकण उगाच उघडत-मिटत बसलो. थांबवलेलं चित्र टीव्हीवर थरथरत होतं. फोन कानाला धरून मामू मोकळ्या हातानं पडद्याच्या कोपऱ्यावरची धूळ पुसत होते, पोराच्या तोंडावरची बुंदी पुसावी तशी.