कात्रीचे दात, तपासनिसांचा शिक्का

"कात्रीला चावायला काय द्यायचं, ते मी ठरवतो," असं तपासनीस एका रविवारी सकाळी म्हणाले, आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यापायी झालं. खरं म्हणजे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कात्री म्हणजे चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. तपासनिसांची बायको घरीच कपडे शिवायची. पिल्लाचं नाव तिनंच ठेवलं, आणि ते किती अचूक आहे हे आठ दिवसांत दिसून आलं. तिची मापाची टेप आता तेवीस इंचांतच संपत होती. शिलाई मशीनचा पट्टा तिसऱ्यांदा बदलून झाला होता. तपासनिसांच्या डाव्या चपलेचा अंगठा नाहीसा झाला होता. (उजव्या चपलेला कात्रीनं तोंडही लावलं नव्हतं. हातातलं काम पुरं केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, ही शिस्त तपासनिसांना मनातून आवडली होती.)

"अहो, दात येतायत तिला. हिरड्या शिवशिवतात," बायको मशीनवरची मान वर न करता म्हणाली. "जुन्या टॉवेलला गाठी मारायच्या, ओला करायचा, फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि द्यायचा. समोर बसून राहायचं. धागे सुटायला लागले की काढून घ्यायचा. झालं!"

"झालं कसं? कडकपणा किती? ताण किती सोसेल? काही माप नको?"

"माप तिच्या तोंडाचं. घशात जाणार नाही एवढी मोठी गाठ."

हे तपासनिसांना पटणं शक्यच नव्हतं. सव्वीस वर्षं ते प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. त्या खात्याचा नियम एकच: जो शिक्का मारणार, त्यानं आधी स्वतः बसून बघायचं. नुसतं बसायचं नाही, तर मागं रेलायचं, डुलायचं, एका पायावर तोलायचं. तपासनीस दिवसाला साठ खुर्च्यांवर बसत आणि संध्याकाळी घरी आल्यावर उभे राहत. त्यांनी 'पास'चा शिक्का मारलेली एकही खुर्ची सव्वीस वर्षांत परत आली नव्हती. माणसाला अभिमान असावा तर असा.

त्यांनी आधी कात्रीचं तोंड तपासायला घेतलं. टॉर्च लावून हलकेच ओठ वर केला आणि ते पाहतच राहिले. तांदळाच्या दाण्याएवढे दात, टोकं सुईसारखी, एका रांगेत! एका जागी तर दुधाचा दात अजून हलत होता आणि त्याच्या शेजारून नवा दात हिरडी सारून वर येत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आरेखन काढून दिलं नव्हतं. अठ्ठावीस जाणार आणि बेचाळीस येणार, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि टॉर्चच्या उजेडात बघणं वेगळं. कारखान्यात एक साचा बदलायचा तर तीन दिवस काम बंद ठेवावं लागे. इथं जेवण, झोप, चपला सगळं चालू ठेवून अख्खा साचा बदलत होता.

"अगं, इकडे ये, बघ!" ते कुजबुजले. मोठ्यानं बोलायचा त्यांना धीर होईना.

"बघितलंय. मला रोज चावते ती."

दुकानातून तपासनिसांनी चार नमुने आणले. एक मऊ रबरी कडं, एक बिस्कीट, एक दोरीचा गुंडा आणि एक शिंगाचा तुकडा. शिंगाच्या तुकड्याबद्दल दुकानदार म्हणाला होता, "साहेब, हे वर्षभर हलायचं नाही. घणानं फोडलं तरी फुटायचं नाही." हे ऐकून तपासनिसांच्या अंगावर शहारा आला. अशी खुर्ची त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

घरी सतरंजीवर नोंदवही उघडून ते बसले. समोर कात्री बसली, मान तिरकी करून. रबरी कडं त्यांनी अंगठ्यानं दाबलं, ते दबलं. नापास! बिस्कीट वाकवलं, मोडलं. नापास! (मोडलेले तुकडे कात्रीनं तिथल्या तिथं निकाली काढले.) दोरीचा धागा निघाला, तोही नापास. यातला दोरीचा निकाल तेवढा बरोबर होता. मग शिंगाचा तुकडा नखानं दाबला. ढिम्म. दाराच्या फटीत धरून वाकवला. दार करकरलं.

आता राहिला खात्याचा नियम. शिक्का मारणाऱ्यानं आधी स्वतः. तपासनिसांनी तुकडा धुतला, पुसला, पुन्हा सतरंजीवर येऊन बसले, तो डाव्या दाढेखाली धरला आणि डोळे मिटून सव्वीस वर्षांच्या निष्ठेनं चावला.

कट्!

त्यांनी तो घाईनं बाहेर काढून उजेडात फिरवला. ओरखडासुद्धा नाही! नोंदवहीत त्यांनी लिहिलं, 'आवाज येतो, पण तुटत नाही. उत्कृष्ट.' खाली शिक्का मारला आणि तुकडा कात्रीपुढे ठेवला. कात्री त्यावर तुटून पडली. बायको आतून म्हणाली, "अहो, फार कडक नाही ना ते?" "हीच तर खुबी आहे!" तपासनीस म्हणाले. दाढेपाशी जिभेला काहीतरी खरखरीत लागत होतं. नमुन्याचा कण अडकला असेल म्हणून त्यांनी चूळ भरली.

दुपारी सतरंजी झटकताना ती वस्तू त्यांना दिसली. पांढरी, टोकदार, एका बाजूनं फुटलेली. दात! दाताचा तुकडा!

कात्री कोपऱ्यात झोपली होती, शिंगाचा तुकडा अजून पंजात. ते अद्भुत तोंड, ती सुईदार रांग, आणि त्यातला दात आपल्या शिक्क्यानं मोडला. बिचारी रडलीही नाही. केवढं सोसते ही! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, मी नापास झालो," ते मशीनपाशी जाऊन म्हणाले.

बायकोनं तुकडा पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं आणि चप्पल घातली. तपासनिसांनी दाताचा तुकडा काड्यापेटीत ठेवला, शिंग खिशात घातलं, कात्रीला उराशी धरलं आणि दवाखान्यापर्यंत वाटभर तिची माफी मागितली. ती त्यांच्या शर्टाचं बटण चावत होती. एरवी ते ओरडले असते. आज म्हणाले, "खा बाळा, दुसरंही खा."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली, शिंगाचा तुकडा नखानं दाबून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हा पास केलात तुम्ही?"

"दबला नाही, वाकला नाही, तुटला नाही."

"खुर्चीला ठीक आहे ते. इथं उलटं. अंगठ्याचं नख थोडं रुतलं पाहिजे. कारण दोघांतलं एक तुटणारच असेल, तर ती वस्तू तुटावी, दात नको. शिंग, खूर, हाडं यातलं काही द्यायचं नाही. शिजवलेलं हाड तर मुळीच नाही, त्याच्या टोकदार ढलप्या निघतात. रबरी कडं चांगलं होतं की!"

"आणि टॉवेलच्या गाठी?" बायकोनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"उत्तम. फक्त एकटं सोडायचं नाही. कायम देखरेखीखाली."

बायकोनं तपासनिसांकडे फक्त एकदा पाहिलं. ते पाहणं त्यांना चांगलं ऐकू आलं.

डॉक्टरीणबाईंनी कात्रीचा जबडा उघडला. एकेक दात मोजला, दाबला. तपासनीस मनात बरोबरीनं मोजत होते. तेवढ्यात तो हलणारा दुधाचा दात आपणहून सुटला आणि बाईंच्या तळहातावर पडला. कात्री शेपूट हलवत होती.

"हा बघा तिचा दात. बहुतेक वेळा गिळून टाकतात, तुमचं नशीब चांगलं. बाकी सगळे जागेवर आहेत. एकही तुटलेला नाही."

तपासनिसांनी तो इवलासा दात तळहातावर घेतला. एवढ्याशा दातानं मशीनचा पट्टा तोडला? काम संपलं तसा आवाज न करता उतरला आणि जागा मोकळी करून दिली? सव्वीस वर्षांत इतकी निर्दोष वस्तू त्यांच्या हाती आली नव्हती.

मग त्यांना काड्यापेटी आठवली. "पण बाई, मग हा कुणाचा?"

डॉक्टरीणबाईंनी तुकडा चिमट्यात धरून दिव्याखाली नेला. तो कात्रीच्या दाताच्या चौपट होता, आणि त्यात थोडं सिमेंट होतं.

"हिच्या दातांत सिमेंट भरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा आ करता का?"

"त्यांची डावी दाढ आहे ती," बायको म्हणाली. "रूट कॅनाल केलंय. नस काढलेली, म्हणून काही कळलं नसणार. टोपी बसवून घ्या, नाहीतर फुटेल, असं दोन वर्षं सांगतेय."

"तुला केव्हा कळलं?"

"तुकडा दाखवलात तेव्हाच. पण कात्रीचं तोंड एकदा तपासून घ्यायचंच होतं, आणि तुम्ही एरवी आला नसतात."

माणसांच्या दातांच्या डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी उरलेली दाढ निघाली. घरी आल्यावर बायकोनं फ्रीजरमधून टॉवेलच्या दोन गाठी काढल्या. एक कात्रीला दिली आणि एक तपासनिसांच्या गालाला लावली. दोघं सतरंजीवर शेजारी बसून राहिले. कात्री गाठीत नवे दात रुतवत होती, आणि तपासनीस भारावून बघत होते. तोंडात कापूस असल्यामुळे त्यांना काही म्हणता येत नव्हतं, हे एका परीनं बरंच झालं.

संध्याकाळी त्यांनी नोंदवही उघडली. शिंगाच्या नोंदीखालचा शिक्का खोडायचा होता. पण खाली बायकोच्या अक्षरात, कापडावर खुणा करायच्या खडूनं, एक नवी नोंद आधीच पडलेली होती:

'नमुना पाचवा: नवरा. नखानं दाबून पाहिला, लगेच दबतो. घरात ठेवायला पास. एकटं सोडायचं नाही. कायम देखरेखीखाली.'