सायमनकाकांचे आठ पदार्थ

सायमनकाका थळकर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "मिसो खाल्लंयस का गं, बाय?"

कॅनडात उतरून मला जेमतेम चार तास झाले होते. अंगात आईने विणलेला स्वेटर, तो मालवणच्या थंडीसाठी विणलेला. म्हणजे न विणल्यासारखाच. दात वाजत होते. मिसो हे माणसाचं नाव की आजाराचं, तेही मला कळेना. "नाही," म्हटलं. तेव्हा काकांनी माझ्या नवऱ्याकडे, श्रीकांतकडे असं पाहिलं, की जणू त्याने मला लस न टोचताच देशात आणलं होतं.

हे पंचाहत्तर सालचं. मिसिसागात काकांच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही भाड्याने राहायचो. वरच्या मजल्यावर काका एकटे. अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू, विमानतळाजवळच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. बायको, रिबेकाकाकू, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या. मूलबाळ नाही. नव्याने आलेल्या माणसाला बाकीची मराठी मंडळी बूट कुठे घ्यायचे, बर्फात कसं चालायचं ते सांगत. काका त्याच्या हातात एक कागद ठेवत. त्यावर आठ जपानी पदार्थांची नावं, मराठी अक्षरांत, क्रमवार. पहिला वसंत येण्याआधी आठही खाऊन व्हायला हवेत, आणि तेही ओळीने.

"का पण, काका?" मी विचारलं.

"आधी जीभ लाव, मग जीभ चालव," काका म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. हवामान, राजकारण, कोणाचा जावई, कशावरही मत दिलं की काका हेच म्हणत.

मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं कढण निघालं. काकांनी ते स्वतः करून वाढलं. करताना गॅसवरून नजर हलली नाही. "उकळू द्यायचं नाही. उकळलं की मेलं." मी घाबरत घोट घेतला. खारट, उबदार, आणि तळाशी समुद्राचा वास. चार तासांत पहिल्यांदा माझे दात वाजायचे थांबले. काकांनी कागदावर पहिल्या नावापुढे बरोबरची खूण केली, परीक्षकासारखी.

पुढे ओनिगिरी. भाताचा तिकोनी मुटका, त्याला समुद्रातल्या शेवाळाचा काळा पापुद्रा गुंडाळलेला. श्रीकांत दिवसभर ऑफिसात टायपिंगच्या कागदांत बसलेला. त्याने तो कार्बन पेपर समजून नीट सोलला आणि घडी करून बशीच्या कडेला ठेवला. त्याला खूण मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसावं लागलं.

माझी गाडी तिसऱ्या पदार्थावर अडली. चावानमुशी. छोट्या झाकणाच्या वाटीत माशाच्या पाण्यात कालवून वाफवलेलं अंडं, खरवसासारखं थरथरणारं. मी खरवसच समजले आणि वर चमचाभर साखर भुरभुरवली. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तर म्हणाले, "बाय, तू माशाच्या कालवणात गूळ घालतेस का?" मी नाही म्हटलं. "मग!" एवढंच बोलून वर गेले.

थंड सोबा खाताना मात्र मी लाजत होते. शेवया ओढताना आवाज होऊ नये म्हणून एकेक तार चावून तोडत होते. काका ओरडले, "आवाज कर गं! आवाज न करता सोबा म्हणजे टाळ्यांवाचून कीर्तन!" मग आम्ही तिघांनी सुर्र सुर्र करून इतका गोंगाट केला, की शेजारच्या इटालियन बाईने खिडकीतून डोकावून पाहिलं.

दिवाळीला आम्हा मराठी मंडळींचं जेवण एका शाळेच्या हॉलमध्ये असायचं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. पुलाव आले, छोले आले. काकांनी आणल्या चाळीस इनारी, आमच्या कागदावरचं पाचवं नाव. गोडसर पाण्यात शिजवलेल्या टोफूच्या पिशव्या, आत आंबटगोड भात. त्या सोनेरी पिशव्या लोकांना गोडाचा पदार्थ वाटल्या आणि जेवणाआधीच संपल्या. खाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघत काका कोपऱ्यात उभे होते. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "माशाचं पाणी घातलं नाहीये हो. शाकाहारी माणसं येणार होती. नुसत्या शेवाळाच्या पाण्यात शिजवल्यात." कोणी विचारलंही नव्हतं त्यांना.

हे सगळं शिकलात कुठे, असं विचारलं की काका म्हणत, "शेजारी," आणि विषय बदलत.

सहावा-सातवा पदार्थ विनाविघ्न पार पडला. कागदावर आठवं नाव होतं कोळंबीचा टेंपुरा. तिथे काका थांबत. खवले नसलेलं पाण्यातलं काही त्यांच्या धर्माला चालत नाही, आणि काका त्याबाबतीत काटेकोर. "ते तू बाहेर कुठेतरी खा. मी खूण करीन, तुझ्या शब्दावर."

आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. हातात तीन पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी, अंगापासून लांब धरलेलं, मांजराला मानेला धरून बाहेर काढतात तसं.

"बाय, तू मालवणची. कोळंबी तळशील?"

"काका! तुमच्याच घरात?"

"खालचं स्वयंपाकघर तुझं, वरचं माझं. देवाला मजले कळतात."

मी पिशवी घेतली. काका जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले. आत येईनात. तिथूनच सूचना. कोळंबीच्या पोटाला आडव्या चिरा दे, म्हणजे ती वाकडी होत नाही. पिठात पाणी बर्फाचं घाल. जास्त ढवळू नको, गुठळ्या राहू देत.

"हळद?" मी सवयीने विचारलं.

"हळद लावलीस तर मी भाडेकरू बदलीन."

पहिली कोळंबी तेलात सोडली. काका डोळे मिटून मान कलती करून बसले होते. तेलाचा आवाज आधी मोठा आला, मग बारीक होत गेला. "काढ!" काका जिन्यावरून म्हणाले. मी काढली. हलकी, पांढुरकी, कुरकुरीत. मी जन्मात इतकी नेमकी कोळंबी तळली नव्हती.

"न बघता कसं कळलं तुम्हाला?"

"सात वर्षं ऐकलंय. खाल्लं कधीच नाही."

मग जिन्यावर बसूनच काकांनी सांगितलं. पासष्ट साली काका-काकू टोरांटोच्या पूर्व भागात राहायला आले. शेजारी मिसेस मोरिता. पश्चिम किनाऱ्यावर तिच्या नवऱ्याची मासेमारीची होडी होती, घर होतं. महायुद्धात जपानी म्हणून दोन्ही काढून घेतलं गेलं, त्यांना डोंगरातल्या छावणीत धाडलं. युद्धानंतर ती दोघं टोरांटोत आली. मग नवराही गेला. काका-काकू शेजारी आल्यावर दोन वर्षांनी रिबेकाकाकूंना कॅन्सर झाला. घरात चूल पेटेना. मिसेस मोरिता रोज काहीतरी घेऊन दारात यायची.

"पहिल्याच दिवशी मी तिला कागदावर मासा काढून दाखवला. खवले असलेला चालेल, नसलेला नाही. ती हसली नाही, की का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नवं पातेलं घेऊन आली. आमच्यासाठी वेगळं. सात वर्षं त्या पातेल्यात कोळंबी पडू दिली नाही तिने. स्वतः टेंपुरा खायची, पण आमचा मासा आधी, वेगळ्या तेलात." काका एक पायरी खाली सरकले. "रिबेका शेवटी शेवटी कशालाच तोंड लावत नव्हती. मिसेस मोरिताच्या हातची चावानमुशी तेवढी दोन चमचे घ्यायची."

मला ती साखर आठवली आणि मान वर करवेना.

काका मिसिसागात आले ते चौऱ्याहत्तर साली, मिसेस मोरिता वृद्धाश्रमात गेली तेव्हा. ती आता सगळं विसरत चालली होती. इंग्रजी तर पारच गेलं होतं. तिथलं उकडलेलं बटाटा-मटण खात नव्हती. मुलगा दूर कॅलगरीला. म्हणून काका दर रविवारी डबा नेत. आम्ही ज्याला परीक्षा समजत होतो तो खरं तर त्यांचा सराव होता. आठवडाभर करून बघायचं, आम्हाला चाखवायचं, आणि रविवारी तिला न्यायचं. गेल्या रविवारी ती "एबी, एबी" म्हणत राहिली. एबी म्हणजे कोळंबी.

"तू चल, बाय. डबा तू धर. मला ते हातात धरून बसवणार नाही."

दोन बस आणि मग सबवे. वाफ धरून टेंपुरा मऊ पडू नये म्हणून डब्याला झाकण लावायचं नव्हतं. सगळ्या बसला तळणीचा वास. एक म्हातारे गृहस्थ उतरेपर्यंत डब्याकडेच बघत होते.

मिसेस मोरिता खिडकीशी खुर्चीत बसली होती. इतकी लहानखुरी, की पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने एक कोळंबी उचलली, खाल्ली, दुसरी खाल्ली. मग काकांकडे बघून भराभर जपानीत काहीतरी बोलायला लागली. सूर चांगलाच चढलेला.

"हो, हो," काका चक्क मराठीत म्हणाले. "बसच उशिरा आली. मी काय करणार?"

ती आणखी बोलली. काका मान खाली घालून ऐकत होते. "बरं. पुन्हा नाही होणार."

दारात उभी असलेली तरुण नर्स जपानी वंशाचीच होती. ती हसत मला इंग्रजीत म्हणाली, "आजी त्यांना झापतायत. घरी यायला इतका उशीर का केला, म्हणून. त्यांना वाटतं हा आपला नवराच. 'आनाता' म्हणतायत ना, तसं बायको नवऱ्याला म्हणते. नाव न घेता."

म्हणजे अहो.

परतताना आम्ही स्टॉपवर उभे होतो. काकांना हे सांगावं की नाही, माझं ठरत नव्हतं. शेवटी काकाच बोलले.

"ती नर्स काय म्हणत होती ते माहीत आहे मला. तीन महिने झाले. मी सायमन आहे, असं मिसेस मोरिताला सांगायला हवं, नाही?"

"तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी टोपी कानांवर ओढली. "घरी यायला उशीर झाला म्हणून कोणी रागावलं, त्याला सहा वर्षं झाली गं."

पुढच्या रविवारी मी दारासमोरचा बर्फ फावड्याने काढत होते. साडेदहाची बस पकडायला काका वेळेवर घरातून निघाले, कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. बस आली, दार उघडलं. काकांनी ड्रायव्हरला हात करून पुढे जायला सांगितलं. पुढची बस चाळीस मिनिटांनी होती. काका डबा छातीशी धरून, त्या बर्फात, तिची वाट बघत उभे राहिले.