पाणमांजराने होडी घेतली त्याची गोष्ट

एका जंगलात एक खाडी होती. जंगल आता निम्मं तोडून झालंय, पण गोष्टीपुरतं ते उभं आहे असं धरून चला, पोरांनो. खाडी मात्र चांगली रुंद होती. अलीकडून हाक मारली तर पलीकडे ऐकू जाई, पण तोंड ओळखू येत नसे.

त्या खाडीत धाकू नावाचं पाणमांजर राहत होतं. धाकू असा पोहायचा की माशांनी लाजून बाजूला व्हावं. भरती असो, ओहोटी असो, गडी पाठीवर पडून डुलकी काढत पलीकडे पोचायचा.

पलीकडे त्याची आई राहायची, चांगुणा. म्हातारीचे दात पडले होते आणि मागचे पाय धरले होते. पण लेकाकडे यायला ती तयार नव्हती. "तुझ्या बिळाला वारा नाही," असं तिचं म्हणणं. म्हणून धाकू रोज संध्याकाळी एखादी मऊ रेणवी मासळी तोंडात धरून पोहत जायचा, आईला भरवायचा, तिच्या शिव्या खायचा आणि परत यायचा.

याचं कुणी कधी कौतुक केलं? नाव नको. पाणमांजर पोहलं, त्यात कसलं कौतुक? तुम्ही पायांनी चालता म्हणून कुणी तुम्हाला हार घालतं का?

धाकूच्या मनाला हे अलीकडे लागायला लागलं होतं.

अशात एके दिवशी मगरमावशीने त्याला चिखलात बोलावून घेतलं. तिच्या शेजारी एक होडी कलंडून पडली होती. फायबरची, छोटीशी, मागे इंजिन लावलेली. कोणा हौशी माणसाने काठावर टाकलेली, ती मावशीने ताब्यात घेतली होती. वरची तुकतुकी केव्हाच उडाली होती. हात फिरवला की पंजाला पांढरी भुकटी लागे. पण मूळचा निळा रंग कुठे कुठे दिसत होता.

"धाकू, तुझ्यासारख्या उमद्या पोराकडे होडी नाही, हे मला बघवत नाही रे," मावशी म्हणाली. "घेऊन जा. पोटच्या पोरीसारखी सांभाळली आहे मी हिला."

आणि मावशी रडली. मगर कशासाठी रडते ते तुम्हाला ठाऊक आहे. धाकूलाही ठाऊक होतं. पण होडी निळी होती.

"बदल्यात काय देऊ, मावशी?"

"तुझ्याकडून मी काय घेणार? तो तुझा कोंड दे म्हणजे झालं."

कोंड म्हणजे खडकांमधली खोल जागा. तिथे मासे आपणहून विश्रांतीला यायचे. धाकूच्या बापाने तो राखला होता आणि धाकूचं पोट त्यावर चालत होतं. आईचंसुद्धा.

"होडीवाल्याला कोंड कशाला?" मावशी म्हणाली. "होडी असली की सगळी खाडी तुझीच."

धाकूला हे पटलं. पटवून घ्यायचं ठरवलं की काय वाटेल ते पटतं.

त्याने होडी ओढत आपल्या काठाला आणली. बगळेतात्या तिथे सकाळपासून एका पायावर उभे होते. तात्यांना दुसरं काम नव्हतं. खाडीत कोणी काय करावं, एवढंच ते ठरवायचे.

"वा! या, तांडेल, या!" तात्या म्हणाले.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. धाकूने मागे वळून पाहिलं, तांडेल कुठे आहे म्हणून. मग कळलं, तो आपणच. त्याच्या मिशा ताठ झाल्या. आजवर त्याला लोक 'अरे धाक्या' म्हणत आले होते.

संध्याकाळी धाकूने चिखलातून एक मासा कसाबसा शोधला, तोंडात धरला आणि नेहमीसारखा पाण्यात शिरला. पोटापर्यंत पाणी आलं असेल नसेल, तोच तात्या खाकरले.

"तांडेल पोहत निघाले? मग होडी काय शोभेला आणलीत?"

काठावरची बेडकं खिदळली. धाकू पाण्यातून बाहेर आला.

"छे हो, पोहतोय कुठे? पाय धूत होतो," तो म्हणाला. मासा तोंडातून पडला आणि पळाला.

पलीकडून हाक आली. "मेल्या धाकू! आज मासा कुठाय?"

"आई, मी होडी घेतली!"

"काय घेतलंस?"

"होडी! होडी!"

"कोण बुडालं रे?"

"अगं कोणी नाही! आपली, स्वतःची होडी!"

मग म्हातारीचा आवाज आला. "पण तुला पोहता येतं की रे, मुडद्या!"

सगळी खाडी हसली. धाकूने ठरवलं, आता आईकडे जायचं ते होडीतूनच. तिला होडीत बसवून मिरवायची. मग हसा म्हणावं.

होडी दुरुस्त करायला सुतारपक्षी आला. त्याला सगळे मेस्त्री म्हणत. पूर्वी तो लाकडात काम करायचा.

"लाकडात आता राम नाही, तांडेल. मी पूर्णपणे फायबरमध्ये आलोय," मेस्त्री म्हणाला. मग त्याने होडीला कान लावला आणि चोच मारली. टक टक. टक टक. मान वाकडी करून म्हणाला, "हं."

"हं म्हणजे काय?"

"आवाज बद्द येतोय. आत ओल आहे."

"मग?"

"मग उघडून बघावं लागेल."

त्याने भोक पाडलं. आत ओल नव्हती. "इथे नाही, म्हणजे पलीकडे आहे," तो म्हणाला आणि दुसरं भोक पाडलं. दिवस मावळेपर्यंत होडीची चाळण झाली. एका भोकात मात्र खरोखरच ओल निघाली. आतली फळी कुजून शेणासारखी झाली होती. मेस्त्रीला इतका आनंद झाला की त्याने धाकूला मिठीच मारली.

"बघा! मी नसतो आलो तर तुम्हाला कळलंही नसतं!"

आता भोकं बुजवायची. भोकं मेस्त्रीचीच, पण बुजवणं हे वेगळं काम. त्यासाठी फायबरचं कापड हवं, त्यावर चोपडायला रेझिन हवं. रेझिन ओल्या हवेत धरत नाही, आणि खाडीवर कोरडी हवा कधी असते ते तुम्हीच सांगा. एक थर वाळला की दुसरा. वाळला की घासायचा. घासला की खालचं भोक पुन्हा दिसायचं. धाकूच्या अंगावर भुकटी बसली आणि त्याला जिथे तिथे खाज सुटली.

"मेल्या, भूक लागलीय!" पलीकडून हाक यायची.

"थर वाळतोय, आई!"

"तो खातात का?"

इंजिनाची तऱ्हा निराळी. दोरी ओढली की ते खर्र करायचं, फुस्स करायचं आणि गप्प बसायचं. मेस्त्रीने ते उघडलं, खारं पाणी पुसलं, प्लग काढून घासला, बंद केलं. तरी तेच.

"याला रोज चालवायला हवं. उभं राहिलं की इंजिन बिघडतं," मेस्त्री म्हणाला.

"पण चालत नाही म्हणूनच ते उभं आहे ना?"

"तेच तर! दोष तुमचाच आहे, तांडेल."

तांडेल म्हटलं की धाकू गप्प बसायचा. तो शब्द कानाला फार गोड लागायचा. बेडकांची पोरं आता त्याला वाट द्यायची. खेकडेसुद्धा त्याच्यापुढे जमेल तितके सरळ चालायचे.

पण रात्री बिळात पडलं की धाकूला पलीकडची हाक आठवायची. दिवसेंदिवस ती बारीक होत चालली होती. आधी तिच्यात शिव्या असायच्या. मग शिव्या कमी झाल्या. मग नुसतं "धाकू, ए धाकू" उरलं. एकदा तर तो उठून पाण्याशी गेलाच. उडी मारणार, तोच तिथे तात्या दिसले. तात्या झोपले होते. झोपले होते, पण एका पायावर. अशा माणसाचा काय भरवसा? धाकू परत आला.

एके सकाळी दाट धुकं पडलं होतं. धाकू कान लावून बसला. हाक आली नाही.

त्याने वाट पाहिली. हाक नाही.

"आई!" त्याने ओरडून पाहिलं. "आई, ए आई! शिवी तरी दे!"

पलीकडे काही नाही. पाणी समोर होतं, पाय धड होते, पाच डुबक्यांत तो पलीकडे पोचला असता. पण बघा पोरांनो, मान एकदा डोक्यात शिरला की तो पायांना पुसत नाही. धाकू धावला तो होडीकडे. ती पाण्यात लोटली, आत चढला आणि दोरी ओढली.

इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. इंजिनाचं असंच असतं.

होडी धुक्यात शिरली. धाकू ताठ बसला. मधोमध आल्यावर त्याला पाय ओले लागले. त्याने खाली पाहिलं. मेस्त्रीची सगळी भोकं पक्की बुजली होती, एकातूनही थेंब येत नव्हता. पाणी येत होतं ते होडी घडवणाऱ्याने ठेवलेल्या भोकातून. होडी काठावर असली की पावसाचं पाणी निघून जावं, म्हणून तळाला एक भोक असतं. पाण्यात लोटताना त्याला बूच लावायचं असतं. मेस्त्रीने सगळं केलं, बूच तेवढं लावलं नाही. ते भोक त्याचं नव्हतं ना.

होडी बसत चालली. पाणी धाकूच्या छातीला लागलं, मग हनुवटीला. धाकू तसाच ताठ बसून होता. मग पाणी नाकात गेलं, आणि पायांना आपण कोण ते आठवलं.

तसा तो जन्मात पोहला नव्हता. होडी बुडबुडे काढत खाली गेली, त्याने वळूनही पाहिलं नाही. वाटेत एक रेणवी आडवी आली, ती तोंडाने सवयीने धरली. पलीकडचा काठ लागला तसा तो धडपडत आईच्या बिळाकडे धावला.

आई बिळाच्या तोंडाशी बसली होती. चांगली गुबगुबीत झाली होती. केस विंचरलेले. समोर पानावर सोललेला मासा.

"आई! अगं, तू जिवंत आहेस!"

"हळू बोल, मुडद्या!" चांगुणा दबक्या आवाजात खेकसली. "पोहत आलास? कोणी पाहिलं का तुला?"

"हाक का मारली नाहीस? मला वाटलं..."

"तांडेलाची आई काठावर उभी राहून बोंबलते का? पाणकोंबड्या म्हणाल्या, शोभत नाही. मग आवाज कमी करत आणला. एकदम बंद केला असता तर बरं दिसलं नसतं."

"पण खात काय होतीस?"

"खंड्या आणून देतो. काटे काढून! होडीत पुढे बसायचंय त्याला. पाणकोंबड्यांना मधे बसायचंय, त्या पाय चेपतात माझे. तू इतकी वर्षं मासे आणलेस, काटे काढलेस कधी?"

धाकू खाली बसला. त्याच्या तोंडातली रेणवी जमिनीवर पडली.

"होडी कुठाय?" आईने विचारलं.

"बुडाली."

म्हातारीने मान वर करून धुक्यात इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोणी बघितलं?"

"धुकं होतं."

"मग बुडाली कशी? बघितलं नाही कोणी, म्हणजे बुडाली नाही. इथे मी सांगते, होडी तुझ्या काठाला आहे. तिथे तू सांग, माझ्या काठाला आहे. एका काठावरून दुसऱ्या काठावरचं कुणाला नीट दिसतंय?"

"आणि मी तुला भेटायला कसा येऊ?"

"धुकं पडलं की ये." ती रेणवी तिने पायाने त्याच्याकडे सरकवली. "ही तू खा. हाडं दिसायला लागलीत तुझी. आणि आता जा, ऊन यायच्या आत. पाण्याखालून जा. वर डोकं काढलंस तर माझा मासा बंद होईल."

धाकू पाण्याखालून गेला. खाडीतलं सगळ्यात चांगलं पोहणारं जनावर, चोरासारखं तळाला चिकटून गेलं.

काठावर तात्या उभेच होते. "तांडेल, होडी दिसत नाही?"

"पलीकडे लावलीय. आईकडे," धाकू अंग निथळत म्हणाला. "येताना जरा शिंतोडे उडाले."

होडी पलीकडे, तर तांडेल अलीकडे कसे, हे तात्यांनी विचारलं नाही; त्यांनी दुसरा पाय खाली टेकला. त्यांच्या लेखी यापरता मोठा सन्मान नव्हता. मेस्त्री तर गावभर सांगत सुटला की होडी आपण दुरुस्त केली. त्याच आठवड्यात कासवाने होडी घ्यायचं ठरवलं आणि मेस्त्रीने कासवाच्या पाठीवरच टक टक करून पाहिलं. "हं," तो म्हणाला.

धाकू आता रोज संध्याकाळी काठावर बसतो. पाण्याकडे बघतो. पाणमांजर फार वेळ कोरडं राहिलं की त्याच्या कातडीला खाज सुटते. पण तांडेलाने चारचौघांत खाजवायचं नसतं. तो नुसता बसून राहतो आणि धुकं कधी पडतंय याची वाट बघतो.

तात्पर्य: पोरांनो, पोहायला जरूर शिका, पण चारचौघांत पोहू नका. जो पोहून आईला मासा देतो त्याची आई मासा खाते आणि शिव्या देते. ज्याची होडी असते त्याच्या आईला गाव काटे काढून भरवतं. आणि होडी घ्यायचीच झाली तर बुडालेली घ्या. तिला रंग लागत नाही, रेझिन लागत नाही, मेस्त्री लागत नाही, आणि मान दोन्ही काठांवर मिळतो.