तळ्यावरची चौसष्ट भोके

शुक्रवार, आठ जानेवारी, दुपारी ठीक तीन वाजता मी स्कॉटलंडमधल्या आमच्या गावच्या गोठलेल्या तळ्यात चौसष्टावे भोक पाडले. बर्फाची जाडी मोजण्यासाठी कोणी चार भोके पाडतो, कोणी पाच. परंतु मी डंडीच्या तंत्रनिकेतनात शिकलेला मनुष्य. अंदाजपंचे काम आम्हाला शिकवलेलेच नाही!

तळे अकरा वर्षांनी गोठले होते आणि शनिवारी कर्लिंगचा सामना होता : विवाहित विरुद्ध अविवाहित. ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवायचा, त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत धावायचे, आणि वर्तुळाच्या मध्याजवळ ज्याचा दगड त्याला गुण. आम्ही विवाहित आजवर एकदाही हरलो नव्हतो. झाडूचा सराव आम्हालाच अधिक!

अविवाहितांचा कप्तान मेंढपाळ वॉटी, वय सदुसष्ट. तीस वर्षांपूर्वी त्याने माझ्या मेहुणीला, म्हणजे टपालकचेरीतल्या ग्रिझेलला मागणी घातली होती. ती म्हणाली, "ज्या दिवशी तळ्यावर अविवाहित जिंकतील, त्या दिवशी हो म्हणेन." त्यानंतर तळे तीनदा गोठले आणि तिन्ही वेळा वॉटी हरला. वॉटी सज्जन आहे, याविषयी वाद नाही. मात्र त्याने गोष्ट सांगायला घेतली की मेंढ्यासुद्धा खाली बसून घेतात. असा साडू दर रविवारी माझ्या जेवणाच्या टेबलाशी? छे!

शुक्रवारी माझी भोके पाहायला सारा गाव बर्फावर जमला.

"ह्यू, हे तळे आहे की चाळणी?" ग्रिझेलने विचारले.

"याला शास्त्र म्हणतात, ग्रिझेल!"

एवढ्या माणसांच्या भाराने बर्फ किंचित दबला, आणि चौसष्ट भोकांतून पाणी बुडबुड वर आले. "रात्रीत गोठेल आणि सपाट होईल!" मी जाहीर केले.

गोठले. सपाट मात्र झाले नाही. सकाळी प्रत्येक भोकावर पालथ्या वाटीएवढे टेंगूळ उभे होते!

"अगं बाई, तळ्याला गोवर आला!" माझी पत्नी एफी म्हणाली.

कुदळी आणल्या, कुदळींना धार लागली, टेंगळे ढिम्म. सामना पुढे ढकलावा, तर रविवारपासून बर्फ वितळणार असे रेडिओ सांगत होता. वॉटीचा चेहरा उतरला. "ह्यू, आणखी अकरा वर्षे थांबायला मी काही ओकाचे झाड नाही रे."

"चिंता नको," मी म्हणालो. "टेंगळे दोघांनाही सारखीच!" प्रत्येक टेंगूळ कोठे आहे हे मला एकट्याला पाठ होते, ते मी बोललो नाही.

माझा पहिला दगड, सारे गणित मांडून सोडलेला, पंचविसाव्या टेंगळाला लागून थेट चहाच्या टेबलाकडे निघाला. पंच म्हणून बसलेल्या पाद्रीबाईंनी दोन्ही पाय वर घेतले.

"इंजिनिअरसाहेब, साखर किती?" वॉटीने लांबून विचारले.

तरीही शेवटच्या फेरीआधी गुण सहा-सहा झाले. आमचा दगड वर्तुळाच्या मधोमध विराजमान होता. उरला होता फक्त वॉटीचा एक दगड. वॉटीने तो सोडला आणि टोपीने तोंड झाकले. "गेला! वाया गेला!"

खरोखरच वाया गेला होता. इतका डावीकडे, की किटली घेऊन उभी असलेली ग्रिझेल बाजूला सरली. मग तो सतराव्या टेंगळाला धडकला, गर्रकन वळला, आमच्या दगडाला ढुशी देऊन त्याच्याच जागी बसला!

वॉटी टोपी हातात धरून ग्रिझेलसमोर उभा राहिला. तोंडातून शब्द फुटेना. वॉटीच्या!

"आधी टोपी घाल, सर्दी होईल," ग्रिझेल म्हणाली. "मग काय ते विचार."

"विचारून तीस वर्षे झाली की गं!"

"मग हो!" असे म्हणून तिने किटली माझ्या हातात दिली, कारण तिला डोळे पुसायचे होते.

एफीने माझ्या गारठलेल्या गालाचा मुका घेतला. "तुझ्या त्या कॉलेजचे कल्याण होवो, ह्यू!"

तोच माझ्या खांद्यावर एक जड हात पडला. "ह्यू, उद्या जेवायला किती वाजता येऊ? त्या लंगड्या मेंढीची गोष्ट अर्धीच राहिलीय."

निकाल : विवाहित सहा, अविवाहित सात. साडू, एक.