खांदा गेला

मेश्रामभाऊंना "कसे आहात?" असं चुकूनही विचारू नये. विचारलंच, तर ते उजवा खांदा डाव्या हातानं धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "खांदा गेला ना बे." कारखान्याच्या वसाहतीत, कॅम्प-१ मध्ये, मी त्यांचा शेजारी. गेली चार वर्षं हा खांदा रोज जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला हजर असतो. ऐकून ऐकून मीच थकलोय.

भाऊ बेसबॉलचे पिचर, म्हणजे बॅटवाल्याला चेंडू टाकणारे. प्लांटात नोकरी लागली तीच खेळाच्या कोट्यातून. सत्तावीस वर्षं टीममध्ये जागा पक्की. पण आमच्याकडे सिनेमाला पिच्चर म्हणतात. भंडाऱ्याकडची सोयरीक आली तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "पोरगा पिचर आहे." मुलीकडच्यांनी ऐकलं, पोरगा पिच्चरमध्ये आहे. चहा यायच्या आत होकार दिला.

"हिरो भेटन म्हणून आली," वहिनी अजून हसत सांगतात, "अन् यायनं मले हातमोजा घालून बसवलं!"

ते खरंच आहे. सकाळच्या सरावाला चेंडू झेलणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून क्वार्टरमागच्या गल्लीत पदर खोचून, पाटावर बसून वहिनीच झेलतात. नाइट शिफ्ट करून मी जरा आडवा होतो, की यांचं थप्प थप्प सुरू.

यंदा टीमची ट्रायल झाली. रिटायर व्हायला दोन वर्षं होती आणि तोवर खेळायचंच, हा भाऊंचा एकच हट्ट. पण त्यांचा चेंडू इतका सावकाश आला, की बॅटवाल्याला जांभई देऊन मारता आला असता. नाव कटलं. वहिनी नेहमीसारख्या डबा घेऊन समोर बसल्या होत्या. "खांदा गेला," भाऊ म्हणाले. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनी लेकीकडे उतईला गेल्या. रविवारी सकाळी भाऊंनी माझं दार वाजवलं.

"ऊठ बे. झेल."

मी अर्धवट झोपेत हातमोजा चढवला. पहिला चेंडू आला आणि हात कोपरापर्यंत झणझणला. दुसऱ्याला मी सरळ बाजूला झालो.

"भाऊ, खांदा?"

"खांद्याले काय धाड भरली?"

"मंग रोज कावून रडता?"

भाऊ तिसरा चेंडू बनियनला पुसत राहिले. "तिच्या बोटायले वात आहे. जोराचा झेपत नाही तिले. अन् नोको झेलू म्हटलं तं ऐकत नाही. म्हणून माहाच खांदा गेला म्हणतो."

"अन् ट्रायलमंदी?"

"थे बसून होती ना समोर."

मला रागच आला. माणसानं आयुष्यभराचा खेळ असा सोडून द्यावा? काहीतरी सुनवावं म्हणून तोंड उघडलं, पण भाऊंनी चेंडू टाकायला हात मागे नेला होता, आणि मी हातमोजा पुढे धरला.

सोमवारी वहिनी परतल्या. मंगळवारी सकाळी गल्लीत पुन्हा थप्प झालं, अगदी हळू.

"अवो, आज तरी जरा जोरानं फेका ना."

"कसा फेकू वो? खांदा गेला ना."

मी पांघरूण ओढलं. माझा तळहात अजून सुजलेला होता.