आग्रहाचं फ्रेंच

आसगावच्या एस.टी. स्टँडवर एका जागी क्षणभरही उभं न राहता, टपरीसमोर येरझारा घालत लांजेवार मास्तर चहा मागायचे, "अं ते, सिल व्हू प्ले!"

टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणायचा, "मास्तर, शिव्या द्याच्या त मराठीत द्या ना!"

मास्तर गणिताचे, मी त्याच शाळेत चित्रकलेचा. ऐंशी सालच्या सुमारास, निवृत्ती तोंडावर आलेली असताना, या गृहस्थांना फ्रेंचचं वेड लागलं. नागपूरहून एक जुनं पुस्तक आणलं. त्यातला खाण्यापिण्याचा धडा तेवढा ते घोकायचे. बाकीचे धडे त्यांनी उघडलेही नाहीत.

"रस्ता पुसाले मले कोठी जाचं हाये?" ते म्हणत.

कारण गावभर माहीत होतं. मुलगा दिलीप शिकायला फ्रान्सला गेला आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. मास्तरांनी रागाच्या भरात लिहिलं, 'या घरात तुम्हा दोघांचं पान वाढलं जाणार नाही.' मग चार वर्षं पत्र नाही. मधल्या काळात मास्तरीणबाई गेल्या. शेवटी मास्तरांनीच 'या' असं लिहून पाठवलं आणि दिवसातून दोनदा पोस्टात खेपा घालू लागले.

एकदा मधल्या सुट्टीत ते तणतणत आले. "हे पुस्तक खोटं हाये!"

"काहून?"

"यजमान म्हन्ते, आनखी घ्या. पाहुना म्हन्ते, नों मेर्सी. अन् यजमान गपचूप बसते! 'माही आन हाये, एवढा घास खाच लागते' हे कोन्त्या पानावर हाये?"

मी म्हणालो, "तिकडे आग्रह करत नसतील, मास्तर."

"मंग तिले समजन कसं, का आपून मनापासून वाढून राहिलो?" दोन दिवस त्यांचं वर्गात लक्ष नव्हतं.

अखेर दोघं आली. फ्रेंच अडलं तर सावरून घ्यायला म्हणून मलाही जेवायला बोलावलं होतं, जसं काही मला येतच होतं! पाटोडीची रस्साभाजी, चिन्नोरचा भात, सगळं मास्तरांनी स्वतः रांधलेलं. सूनबाईने पान पुसून साफ केलं. तिच्याकडे तो शिष्टाचार असावा. आपल्याकडे रिकामं पान म्हणजे भूक शिल्लक. मास्तर वाढत गेले, ती बिचारी संपवत गेली. दिलीप मात्र मान खाली घालून नुसता भात चिवडत होता.

चौथ्या वाढपाला ती काकुळतीने म्हणाली, "नों, मेर्सी."

मास्तर पळी घेऊन तसेच उभे राहिले. पुढचं वाक्य पुस्तकात नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी," ते मराठीतच म्हणाले, "तुमचं पान वाढनार नाही, असं लिवलं होतं मी. चुकलो."

तिला काही कळलं नाही. ती नवऱ्याकडे बघू लागली. दिलीपने भाषांतर केलं नाही. भात तसाच असलेलं आपलं पान त्याने पुढे सरकवलं.

"बाबा, मले वाढा."