बापटकाकांचा रुमाल

बापटकाकांना कुठेही सोडा, ते आधी जागा धरणार. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुलाकडे सिंगापूरला आले आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात हे पाहून त्यांना अगदी भरून आलं. "अरे, हा तर आपलाच देश!" फक्त टिश्यू काही त्यांना पटला नाही. "कागदाला काय वजन? रुमालच हवा." एकदा टेबलं पुसणाऱ्या आंटीने तो विसरलेला समजून परत आणून दिला. "अंकल, युवर हँकी लाह!" काकांनी थँक्यू म्हटलं आणि पुन्हा खुर्चीवर टाकला.

तिथल्या ईस्ट कोस्ट भागातल्या काँडो-सोसायटीत ते आमचे शेजारी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काकूंनी बाहेर पडणंच सोडलं होतं. डॉक्टर म्हणत चाला, मुलगा म्हणे चल, काकूंचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही जाऊन या." शेवटी मुलाने तिकिटंच काढली, तेव्हा आम्हा नवरा-बायकोबरोबर पॅरिसला यायला कशाबशा तयार झाल्या.

तिथे एक जुनं चर्च पाहायला गेलो. बाहेरून थेट मुंबईचा टाउन हॉल! उंचच उंच खांब आणि समोर पायऱ्याच पायऱ्या. काकू खालीच थांबल्या. "तुम्ही जाऊन या." मी आणि बायको समजूत घालत होतो, आणि काका सरळ वर निघून गेले. मला त्यांचा रागच आला. बायकोला काकूंपाशी ठेवून मी मागोमाग गेलो.

आत सगळा शुकशुकाट. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, एकीवर काका, आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल!

"काका, इथे कोण येतंय जागा पळवायला?"

त्यांनी मला हातानेच गप्प केलं आणि फोन लावला. "अगं, जागा धरलीय." एवढंच.

मग ना घुमट पाहिला, ना चित्रं. डोळे दाराकडे.

"नाही आल्या तर?" मी विचारलं.

"लग्नापासून असंच आहे रे. मी पुढे जाऊन जागा धरायची, तिने मागून सावकाश यायचं. येईल." आवाज मात्र नेहमीसारखा ठाम नव्हता. माझा राग कुठच्या कुठे गेला.

बऱ्याच वेळाने काकू दारात दिसल्या. माझ्या बायकोचा हात धरून, धापा टाकत. "एवढ्या रिकाम्या देवळात जागा कसली धरता हो? पण धरली म्हटल्यावर यावंच लागतं!"

काकांनी रुमाल उचलून खुर्ची झटकली.

हल्ली रविवारी समुद्राकाठच्या बाकावर तो रुमाल दिसतो. बाक रिकामा असला तरी मी बसत नाही. काकू वाटेत असतात.